डबल्सकडे वळू का? आधी बोपण्णाचं करियर नीट बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २३, सिंगल्सचं रँकिंग सातशेच्या आसपास येऊन थांबलंय, डबल्समध्ये मात्र फ्युचर्सच्या (प्रो टेनिसची सगळ्यात खालची पायरी) दोन फायनल खेळून झाल्यात, सर्व्हिस जोरात आहे, कोच म्हणतात आता डबल्सवरच लक्ष दे, वडील म्हणतात म्हणजे सिंगल्स जमलं नाही असंच ना, आणि तू विचारतोयस की आपला डबल्सचा खेळाडू रोहन बोपण्णा, त्याच्यासारखं करियर मला करता येईल का. वयाने बराच लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. मी बरीच वर्षं कोच म्हणून डबल्स खेळणाऱ्या पोरांबरोबर फ्युचर्सला आणि त्याच्या वरच्या पायरीच्या चॅलेंजर स्पर्धांना फिरतोय, त्यामुळे खाली जे लिहितोय ते तिथे बघितलेलं आणि पोरांकडून करून घेतलेलं आहे.

आधी एक सांगतो, तू प्रश्न "सिंगल्स की डबल्स" असा मांडलायस पण तुझ्या मेसेजमध्ये खरी अडचण वेगळीच दिसते. तू सर्व्हिसबद्दल चार ओळी लिहिल्यास, रिटर्नबद्दल एक शब्द नाही. आणि त्या दोन फायनल कुणाबरोबर खेळलास, तो पार्टनर आता कुठे आहे, पुढच्या स्पर्धेला तोच आहे का, याबद्दलही काही नाही. माझ्या मते डबल्समधलं करियर या दोन गोष्टींवर उभं राहतं, रिटर्न आणि पार्टनर. सर्व्हिस लागतेच, पण चॅलेंजरपर्यंत पोचलेल्या प्रत्येकाकडे सर्व्हिस असते.

बोपण्णाचं नाव तू घेतलंस ते बरं केलंस, कारण त्याचं करियर लोक नेहमी शेवटाकडून बघतात. जानेवारी २०२४ मध्ये मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला, दोन दिवसांनी वयाच्या ४३ व्या वर्षी जगात नंबर एक झाला, तोवर इतक्या वयात कुणीच पहिल्यांदा नंबर एक झालं नव्हतं, हे सगळ्यांना माहितीये. पण तू सुरुवातीकडून बघ. कूर्गचा मुलगा, २००३ मध्ये प्रो झाला म्हणजे तुझ्याच वयाचा असताना. सिंगल्समध्ये त्याचं सगळ्यात चांगलं रँकिंग २१३, तेही २००७ मध्ये. पहिलं एटीपी (पुरुषांची मुख्य प्रो टूर, चॅलेंजरच्या वरची) डबल्स टायटल २००८ मध्ये लॉस एंजलिसला, एरिक ब्युटोरॅकबरोबर, वय २८. पहिली ग्रँड स्लॅम फायनल २०१० ची यूएस ओपन, पाकिस्तानच्या ऐसाम-उल-हक कुरेशीबरोबर, वय ३०. पहिलं ग्रँड स्लॅम २०१७ ला फ्रेंच ओपनच्या मिक्स्ड डबल्समध्ये, कॅनडाच्या गॅब्रिएला डाब्रोव्स्कीबरोबर, वय ३७. मेन्स डबल्सचं ग्रँड स्लॅम थेट २०२४ ला. आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ४५ व्या वर्षी रिटायर झाला.

यातून लोक "धीर धरा" एवढंच घेतात. धीर लागतोच, पण मला त्यात दुसरं दिसतं. २०१० ची ती फायनल बॉब आणि माइक ब्रायन या अमेरिकन जुळ्या भावांविरुद्ध होती आणि स्कोअर होता ७-६, ७-६. दोन टायब्रेक (सेट ६-६ झाला की खेळायचा सात पॉइंटांचा गेम), एक ७-५ आणि एक ७-४, म्हणजे दोन्ही टायब्रेक धरून पाच पॉइंटांचा फरक. २०२४ ची फायनल बोलेली आणि वावासोरी या इटालियन जोडीविरुद्ध ७-६, ७-५, पण तिथला टायब्रेक बोपण्णा-एब्डननी ७-० ने घेतला. टायब्रेक ७-० ने जिंकायचा तर समोरच्याच्या सर्व्हिसवरचे पॉइंटही सगळेच्या सगळे काढावे लागतात, नुसत्या आपल्या सर्व्हिसवर ते होत नाही. बोपण्णाची सर्व्हिस २०१० लाही मोठीच होती. वरच्या लेव्हलला सर्व्हिस तुला टायब्रेकपर्यंत नेते, आणि तिथून पुढे नेणारी गोष्ट रिटर्न असते.

आता जरा हिशोब करू, हा मी प्रत्येक नव्या पोराकडून कागदावर करून घेतो. डबल्समध्ये चार जण आळीपाळीने सर्व्हिस करतात. म्हणजे मॅचच्या साधारण पाव भागात तू सर्व्हिस करतोस. पाव भागात तुझा पार्टनर सर्व्हिस करतो आणि तू नेटवर उभा असतोस. उरलेला अर्धा भाग समोरचे सर्व्हिस करतात, त्यात एक पॉइंट तू रिटर्न घेतोस, पुढचा पार्टनर घेतो, म्हणजे पाव भाग तू रिटर्नर आणि पाव भाग रिटर्नरचा पार्टनर. चार कामं झाली. तुझी सर्व्हिस कितीही भारी असली तरी ती चारातल्या एका कामात उपयोगी पडते. मॅचच्या पाऊण भागात तुझ्या हातात सर्व्हिससाठी बॉल नसतोच. सिंगल्समध्ये अर्धी मॅच तू सर्व्हिस करतोस, म्हणून सिंगल्स खेळलेल्या पोरांना ही गोष्ट अंगात मुरायला वेळ लागतो.

त्यात डबल्सचे नियम बघ. एटीपीवर २००६ पासून आणि खाली फ्युचर्सलाही ड्यूसला अ‍ॅडव्हान्टेज नाही, ४०-४० झाला की एकच पॉइंट, आणि तो कुठल्या बाजूने घ्यायचा ते रिटर्न करणारी जोडी ठरवते. एक-एक सेट झाला तर तिसऱ्या सेटऐवजी दहा पॉइंटांचा मॅच टायब्रेक. ग्रँड स्लॅमला तिसरा सेट पूर्ण खेळतात, बाकी बहुतेक ठिकाणी हेच. याचा अर्थ असा की ४०-४० ला बाजू निवडायचा हक्क तुमच्याकडे येतो आणि त्या एका पॉइंटवर आख्खा गेम असतो. ज्या जोडीत एक जण असा आहे की त्याला डोळे मिटून "तू घे" म्हणता येतं, ती जोडी महिनाभरात चार मॅच जास्त जिंकते, हे मी कितीतरी वेळा बघितलंय. तू तो माणूस आहेस का हे मला तुझ्या मेसेजवरून कळत नाही, आणि तुलाही अजून माहीत नसावं असं वाटतं.

रिटर्न म्हणजे काय तेही नीट सांगतो, कारण सिंगल्सचा चांगला रिटर्न डबल्समध्ये मार खातो. सिंगल्समध्ये खोल, नेटच्या बऱ्यापैकी वरून जाणारा रिटर्न चालतो, बेसलाइनजवळ पडला की रॅली सुरू. डबल्समध्ये तोच बॉल नेटवरचा माणूस आडवा येऊन मारून टाकतो. तुला क्रॉसकोर्ट जायचं असतं आणि मध्ये तो उभा, तो कधी हलेल माहीत नाही. बॉल नेटला घासून जावा आणि सर्व्हिस करून पुढे येणाऱ्याच्या बुटांपाशी पडावा, म्हणजे त्याला खालून वर उचलावा लागेल आणि तुझा पार्टनर तो उचललेला बॉल खाईल. हल्ली बरेच जण सर्व्हिस करून मागेच थांबतात, तिथे थोडा खोल मारलास तरी चालतं, पण नेटवरच्या माणसापासून लांब ठेवायचा हे काही सुटत नाही. आणि अधूनमधून त्याच्या बाजूने लाइनवर मारायचाच, पॉइंट गेला तरी चालेल, त्याला जागेवर बांधून ठेवायला तेवढी किंमत द्यावी लागते. पहिल्या दोन गेममध्येच एकदा मारून ठेवला तर पुढे तासभर तो मध्ये यायला कचरतो.

मी काय करतो सांगतो. मॅचच्या वेळी बाहेर बसून एका साध्या कागदावर चार रकाने पाडतो: रिटर्न आत गेलाच नाही, वर गेला, खाली राहिला, नेटवरच्याने मध्येच पकडला. प्रत्येक रिटर्नला एक रेघ, पहिल्या सर्व्हिसची रेघ निळ्या पेनने आणि दुसरीची लाल. मॅच संपली की पोराला काही न बोलता कागद देतो. बहुतेकांना वाटत असतं की पहिल्या सर्व्हिसवर त्रास होतोय, कागद बघितला की कळतं लाल रेघा "वर गेला" मध्ये गर्दी करून बसल्यात. म्हणजे दुसरी सर्व्हिस मिळाली की हात सैल सोडून जोरात मारायला जातात, बॉल खांद्याइतका वर जातो आणि पॉइंट गेला. दुसऱ्या सर्व्हिसवर खरं तर एक पाऊल आत घ्यायचं, स्विंग छोटा ठेवायचा आणि बॉल वर येताना पकडायचा. हे दोन महिने रोज केलं तर दिसायला लागतं. जोर वाढवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या निम्म्याने हे सुधारतं, आणि तरी पोरं जोरच वाढवत बसतात कारण सर्व्हिसचा स्पीड दाखवता येतो, खाली राहिलेला रिटर्न कुणाला दाखवणार.

नेटवरच्या कामाबद्दल थोडंच लिहितो, कारण ते लिहून शिकवता येत नाही. पार्टनर सर्व्हिस करत असताना पाठीमागे हाताने खूण, मूठ म्हणजे थांबतो, उघडा हात म्हणजे जातो, ही पद्धत तुला माहीतच असेल. माझं म्हणणं एवढंच की "जातो" दाखवलंस तर जायचं. निम्म्यात थांबलास तर तुझी बाजूही उघडी आणि मधलीही, आणि पार्टनर तुझी बाजू झाकायला निघालेला असतो. चुकून लाइनवरून पास झालास तर होऊ दे. आय फॉर्मेशनमध्ये (नेटवरचा माणूस मध्यरेषेजवळ वाकून बसतो ती मांडणी) तर हे आणखीच कडक पाळायचं.

आता पार्टनर, आणि हा भाग मी मुद्दाम लांब लिहिणार आहे कारण पोरं इथेच वर्षं घालवतात.

डबल्सचं रँकिंग प्रत्येकाचं स्वतंत्र असतं, जोडीचं नाही. पॉइंट दोघांना पूर्ण मिळतात, पैसे मात्र अर्धे-अर्धे. आणि स्पर्धेत एंट्री मिळते ती दोघांच्या रँकिंगच्या बेरजेवर. म्हणजे उद्या तू ८० वर पोचलास आणि जिवलग मित्र २०० वर आहे तर बेरीज २८०, ग्रँड स्लॅमच्या डबल्समध्ये ६४ जोड्या असतात तरी तेवढ्यावर थेट एंट्री मिळत नाही. त्यावर आणखी एक, सिंगल्समध्ये वर असलेले खेळाडूसुद्धा त्यांचं सिंगल्स रँकिंग वापरून डबल्समध्ये उतरू शकतात. एटीपी २५० ला, म्हणजे एटीपीच्या सगळ्यात खालच्या पायरीच्या स्पर्धेला, तर १६ च जोड्या. त्यामुळे डबल्समध्ये प्रत्येकाला कधी ना कधी अवघड निर्णय घ्यावा लागतो की ज्याच्याबरोबर मजा येते त्याच्याबरोबर खेळायचं की ज्याच्यामुळे एंट्री मिळते त्याच्याबरोबर. यात वाईट कुणीच नसतं, सगळ्यांना हे माहीत असतं, आणि तरी पहिल्यांदा मित्राला "पुढच्या महिन्यापासून मी दुसऱ्याबरोबर खेळतोय" असं सांगताना पोरांच्या घशाला कोरड पडते. स्वतः सांगायचं, समोरासमोर, स्पर्धा चालू असताना नाही, आणि त्याला दुसरा पार्टनर शोधायला वेळ मिळेल इतकं आधी.

बोपण्णाचेच पार्टनर बघ. कुरेशी, मग महेश भूपती, मग रोमेनियाचा फ्लोरिन मेर्जा, उरुग्वेचा पाब्लो क्वेव्हास, आपला दिविज शरण, कॅनडाचा डेनिस शापोवालोव्ह, डच मिडलकूप, मग एब्डन. कुरेशीबरोबर २०११ ला पॅरिस मास्टर्स जिंकला, पुढच्या वर्षी तीच स्पर्धा भूपतीबरोबर जिंकला. २०१२ आणि २०१५ ला एटीपी फायनल्सची (वर्षअखेरची अव्वल आठ जोड्यांची स्पर्धा) फायनल खेळला, दोन्ही वेळा पार्टनर वेगळा. २०१९ ला पुण्याची टाटा ओपन शरणबरोबर जिंकला, २०२२ ला तीच रामकुमार रामनाथनबरोबर. हे सोपं नाहीये. प्रत्येक नव्या माणसाबरोबर कोण कुठल्या बाजूने रिटर्न घेणार, मधला बॉल कुणाचा, लॉब आली की कोण धावणार, चिडला तर बोलायचं की गप्प राहायचं, हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. ज्याला हे जमतं तो वीस वर्षं टिकतो.

आणि मग एब्डन का जमला? माझं वाचन असं आहे. बोपण्णा सहा फूट तीन इंच, वरून येणारी सर्व्हिस, सपाट जोरदार फोरहँड, एकहाती बॅकहँड. पाय चाळिशीनंतर साहजिकच हळू. एब्डन नेटवर हाताने फार चपळ, रिटर्न खाली ठेवणारा, आणि स्वतः सिंगल्समध्ये ३९ पर्यंत पोचलेला, म्हणजे पॉइंट बांधून खेळायची सवय असलेला. २०२३ ला इंडियन वेल्स जिंकले, यूएस ओपनची फायनल खेळले, २०२४ ला ऑस्ट्रेलियन ओपन आणि मायामी. एकाच्या अंगात जे कमी ते दुसऱ्याच्या अंगात जास्त. तू पार्टनर शोधताना तुझ्यासारखाच मोठ्या सर्व्हिसवाला शोधू नकोस. पोरं तेच करतात, दोघंही सर्व्हिस ठेवतात, दोघांनाही ब्रेक, म्हणजे समोरच्याचा सर्व्हिस गेम घेणं, जमत नाही, प्रत्येक सेट टायब्रेकला जातो आणि महिन्याच्या शेवटी म्हणतात नशीब नाही. तुला एखादा लहान चणीचा, चिवट, रिटर्न आत ठेवणारा माणूस हवा. डावखुरा मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण समोरच्यांना दर सर्व्हिस गेमला वेगळ्या फिरकीची सवय करावी लागते. ब्रायन बंधूंमध्ये बॉब डावखुरा आणि माइक उजवा होता, त्याचा त्यांनी किती फायदा घेतला ते जुन्या मॅच लावून बघ.

फ्युचर्सला तुम्ही कसे करता मला माहितीये, साइन-इनला तास राहिला की ग्रुपवर "एनीवन फॉर डबल्स?" टाकायचं, जो हो म्हणेल त्याच्याबरोबर. सिंगल्स मुख्य आणि डबल्स जोडीला असेल तर ते ठीक. पण डबल्स हेच काम ठरवलंस तर निदान आठ-दहा स्पर्धा एकाच माणसाबरोबर आधी ठरवून खेळायच्या, मध्ये दोन पहिल्या राउंडला हरलात तरी. त्याशिवाय तुझा खेळ खराब आहे की जोडी नवी आहे हे कळणारच नाही.

पैशाचं स्पष्ट बोलतो. १५ हजार डॉलरच्या फ्युचर्सला विजेत्या जोडीला हजार डॉलरपेक्षा कमी मिळतात आणि ते दोघांत वाटायचे. म्हणजे त्या लेव्हलला डबल्स जिंकूनही आठवड्याचा खर्च निघत नाही, विमानाचं तिकीट तर सोडच. चॅलेंजरलाही कोच घेऊन फिरणारी जोडी पैसे साठवत नसते. वर गेल्यावर चित्र बदलतं, पण तिथेही सिंगल्सशी तुलना करू नकोस: २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला सिंगल्स विजेत्याला ३१ लाख ५० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर होते, डबल्सच्या विजेत्या जोडीला मिळून ७ लाख ३० हजार. तर तुझ्या निर्णयात सगळ्यात जास्त जी गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे ती हीच, की पुढची तीन वर्षं खर्च कोण करणार. स्पॉन्सर, नोकरीचा कोटा, घरचे पैसे, लीगमध्ये किंवा क्लबसाठी खेळून मिळणारं मानधन, जे असेल ते, पण तीन वर्षांचा आकडा कागदावर हवा. वर्षाचाच आकडा असेल तर मी डबल्सकडे वळ म्हणणार नाही, कारण एका वर्षात फ्युचर्समधून चॅलेंजरला नियमित एंट्री मिळेपर्यंतच वेळ जातो.

आणखी एक गोष्ट आपल्या हातात नाही. डबल्सचं स्थान आयोजक बदलू शकतात. २०२५ ला यूएस ओपनने मिक्स्ड डबल्स मुख्य स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात घेतलं, फक्त १६ जोड्या, त्यातही बहुतेक सिंगल्सचे स्टार, डबल्स खेळणाऱ्यांना जवळपास दारच बंद. जिंकले मात्र इटलीची सारा एरानी आणि वर आलेला तोच वावासोरी, दोघंही डबल्समध्ये मुरलेले, आणि ते बघून मला फार आनंद झाला. पण जिंकले म्हणून बाकीच्या जोड्यांची गेलेली कमाई परत येत नाही. असं पुढेही होऊ शकतं हे धरून चाल.

मग सिंगल्स सोडायचं का? माझं उत्तर: आत्ता नाही, निदान पूर्ण नाही. इथे कोच लोकांमध्ये मतभेद आहेत, तुझे कोच तुला रोज बघतात, मी बघत नाही, त्यामुळे त्यांचं वजन जास्त. पण माझं कारण सांगतो. जे डबल्समध्ये वर गेले त्यांच्या हाताला सिंगल्सच्या मॅचची सवय होती. एब्डनचं वर सांगितलं. सानिया मिर्झा सिंगल्समध्ये २७ पर्यंत गेली होती, मनगटाच्या दुखापतींनी सिंगल्स सोडायला लावलं, आणि मग २०१५ ला डबल्समध्ये नंबर एक झाली, मार्टिना हिंगिसबरोबर सलग ४१ मॅच जिंकल्या. तिच्या फोरहँड रिटर्नची धार सिंगल्समध्येच लागलेली होती. युकी भांब्री ज्युनियर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकलेला, सिंगल्समध्ये ८३ पर्यंत गेलेला, गुडघ्याने साथ सोडली म्हणून डबल्सकडे आला, आणि २०२५ ला मायकल व्हीनसबरोबर यूएस ओपनची सेमीफायनल खेळला. बोपण्णा स्वतः, २०१० ला चेन्नईत ब्राझीलविरुद्ध डेव्हिस कप, भारत ०-२ ने मागे, लढत २-२ वर आली आणि शेवटची निर्णायक सिंगल्स त्याने रिकार्डो मेलोविरुद्ध जिंकून दिली. तोवर तो डबल्सचाच खेळाडू झालेला होता.

म्हणून मी तुझ्या जागी असतो तर वर्षभर असं करेन की स्पर्धा निवडताना डबल्स बघून निवडायच्या, पार्टनर बघून निवडायच्या, आणि तिथे सिंगल्सची क्वालिफाइंग मिळत असेल तर खेळायची. सिंगल्सची मॅच ही तुझी रिटर्नची प्रॅक्टिस, कारण तिथे सलग अख्खा गेम तूच रिटर्न घेतोस. फक्त सिंगल्समध्ये तीन तास खेळून संध्याकाळी डबल्सला पाय ओढत आलास असं व्हायला लागलं, की त्या दिवशी ठरव. आणि डबल्स रँकिंग २०० च्या आत आलं आणि सिंगल्स तिथेच असेल, तर मग सिंगल्स सोडायला मीच सांगेन, कारण तिथून पुढे डबल्सचं वेळापत्रक पूर्ण वेगळं होतं.

शरीराबद्दल. डबल्समध्ये कोर्ट ३६ फूट रुंद आणि माणसं दोन, म्हणजे प्रत्येकी १८ फूट. सिंगल्समध्ये २७ फूट एकट्याने. धावणं कमी म्हणून चाळिशीपर्यंत खेळता येतं हे खरं, पण त्याचा अर्थ शरीर सोपं जातं असा घेऊ नकोस. छोटे स्फोटक झटके, खाली वाकणं, ओव्हरहेड, खांदा आणि गुडघे यांच्यावर ताण येतो. बोपण्णाने स्वतः सांगितलंय की त्याच्या गुडघ्यांमधलं कार्टिलेज संपलेलं होतं, वेदनाशामक गोळ्या घेऊन खेळायचा, आणि अय्यंगार योग सुरू केल्यावर फरक पडला. ही पुण्यात घडलेली पद्धत आहे, दोरी-पट्टे-वीट घेऊन सावकाश करायची, आणि मी आता पोरांना २३ व्या वर्षीच करायला लावतो, चाळिशीची वाट बघत नाही. तुझ्या खांद्याबद्दल तू काही लिहिलं नाहीस. मोठ्या सर्व्हिसवाल्याचा खांदा आधी कुरकुरतो, तेव्हा फिजिओला दाखवून घे, दुखत नसलं तरी.

मध्येच थोडं गोळा करतो म्हणजे गोंधळ व्हायला नको: सर्व्हिस तुझ्याकडे आहे असं धरलं, रिटर्न तपासायचा आहे, पार्टनर पक्का करायचा आहे, तीन वर्षांच्या खर्चाचा आकडा हवा, सिंगल्स पूर्ण सोडायचं नाही. यातलं रिटर्न आणि पार्टनर तुझ्या हातात, खर्च अर्धा हातात.

वडिलांचं. त्यांना चूक म्हणू नकोस, ज्यांनी दहा-पंधरा वर्षं पहाटे उठून कोर्टवर सोडलंय त्यांना मुलगा "दुसऱ्या" प्रकारात गेला असं वाटणारच, टीव्हीवर सिंगल्सच दिसतं. पण आपल्या देशाने ग्रँड स्लॅम जिंकलेत ते सगळे डबल्स आणि मिक्स्डमध्ये. भूपती १९९७ ला फ्रेंच ओपनचं मिक्स्ड जिंकला, रिका हिराकीबरोबर, तेव्हा ग्रँड स्लॅम जिंकणारा तो पहिला भारतीय झाला. १९९९ ला पेस-भूपती चारही ग्रँड स्लॅमच्या फायनलला होते, त्यातली फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन जिंकले. पेसची डबल्स आणि मिक्स्ड मिळून १८ ग्रँड स्लॅम आहेत. हांगझोऊच्या एशियन गेम्सला बोपण्णाने मिक्स्डचं सुवर्ण आपल्या ऋतुजा भोसलेबरोबर आणलं. सिंगल्समध्ये २१३ च्या वर न गेलेल्या माणसाला पद्मश्री मिळाली. वडिलांना हे सगळं सांगून वाद जिंकायचा नाहीये, त्यांना एखादी तुझी डबल्सची मॅच बघायला घेऊन जा, शक्यतो कोर्टच्या मागच्या बाजूने, जिथून नेटवरच्या माणसाचं हलणं दिसतं. सिंगल्स बघायची सवय असलेल्या माणसाला कडेने नुसता बॉल दिसतो, मागून बघितलं की चौघांची जागा दिसते, आणि मग त्यांचे प्रश्न बदलतात. माझ्या कितीतरी पोरांच्या घरच्यांबरोबर हे झालंय.

"बोपण्णासारखं होईल का" याला हो-नाही असं उत्तर मी देणार नाही, ४३ व्या वर्षी नंबर एक होणं हे कुणालाही ठरवून जमणार नाही. पण चॅलेंजरला नियमित खेळणारा, कधीतरी ग्रँड स्लॅमच्या ड्रॉमध्ये येणारा डबल्सचा खेळाडू होणं हे २३ व्या वर्षी दोन फायनल खेळलेल्या पोराच्या आवाक्यात आहे, आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

आता हे कर. पुढच्या चार डबल्स मॅचला कुणालातरी बाहेर बसवून तो चार रकान्यांचा कागद भरून घे, निळा आणि लाल वेगळा. ४०-४० च्या पॉइंटांना बाजूला गोल कर, कुणी रिटर्न घेतला आणि काय झालं. तुझ्या दोन फायनलमधल्या पार्टनरला फोन करून विचार की पुढचे तीन महिने त्याचा कार्यक्रम काय आहे, आणि तो रिटर्न कुठल्या बाजूने घेतो ते मला लिही. या दोन गोष्टी हातात आल्या की इथेच टाक, मग तू ड्यूस कोर्टला, म्हणजे उजव्या बाजूला, उभं राहायचं की डावीकडच्या अ‍ॅड कोर्टला त्यावर बोलू, कारण एकहाती बॅकहँडवाल्यासाठी तो निर्णय वेगळा असतो आणि तुझा बॅकहँड एकहाती आहे की दोन हाती हेही तू लिहिलेलं नाहीस.